ड्राइव्हचं अक्षर ठरतं कसं आणि बदलायचं कसं

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क काल ‘ई’ होती, आज जोडली तर ‘एफ’ झाली. बॅकअप घेणारा प्रोग्राम ‘ई’वर आपलं फोल्डर शोधतो, ते सापडत नाही म्हणून चूक दाखवून थांबतो, आणि माणसाच्या पोटात गोळा येतो: गेला की काय सगळा डेटा? डेटा कुठेही गेलेला नसतो. प्रत्येक फाइल होती तिथेच असते. बदललेलं असतं ते एक अक्षर, आणि ते अक्षर त्या डिस्कवर कधी लिहिलेलंच नव्हतं.

एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की ड्राइव्हच्या अक्षरांचे बहुतेक घोटाळे आपोआप उलगडतात. अक्षर ही विंडोजने स्वतःकडे ठेवलेली नोंद आहे: या संगणकावर अमुक व्हॉल्यूमला, म्हणजे डिस्कवरच्या अमुक भागाला, अमुक अक्षराने ओळखायचं. तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, तिथलं विंडोज स्वतःच्या नोंदी चाळेल आणि आपल्या हिशोबाने अक्षर देईल. म्हणून एकच पेनड्राइव्ह एका ठिकाणी ‘डी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘जी’ दिसला, तर त्यात बिघाड काहीच नाही.

आणखी एक खुलासा आधीच करून टाकतो. अक्षर मिळतं ते डिस्कला मिळत नाही, डिस्कवरच्या व्हॉल्यूमला मिळतं. एकाच एसएसडीचे दोन भाग पाडले तर ‘सी’ आणि ‘डी’ अशी दोन अक्षरं दिसतात. पण त्याच एसएसडीवर संगणक सुरू करण्यासाठी लागणारं छोटं ईएफआय पार्टिशन (पार्टिशन म्हणजे डिस्कचा पाडलेला भाग) असतं, दुरुस्तीसाठी राखलेलं रिकव्हरी पार्टिशन असतं. त्यांना अक्षर नसतं म्हणून ती ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाहीत. दिसत नसली तरी ती आपापलं काम करत असतात. तेव्हा अक्षर नसणं म्हणजे डिस्क बिघडणं नव्हे.

सुरुवात ‘सी’पासून का?

ड्राइव्हना अक्षरांनी ओळखण्याची पद्धत विंडोजपेक्षा बरीच जुनी आहे. १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी लिहिलेल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती होती आणि तिथून ती डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी पीसीवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याला हार्ड डिस्क नव्हती. एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असायचे, त्यांची नावं ‘ए’ आणि ‘बी’. ज्या मशीनला एकच फ्लॉपी ड्राइव्ह असे तिथेही डॉस ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन्ही नावं मानायचं. एका फ्लॉपीवरून दुसरीवर कॉपी करताना ते मध्येच थांबून सांगायचं की आता ‘बी’ची फ्लॉपी घाला. यंत्र एक आणि अक्षरं दोन! अक्षर आणि यंत्र या वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या सुरुवातीपासून ठरलेलं आहे.

मार्च १९८३मध्ये पीसी एक्सटी हे मॉडेल आलं, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी राखलेले असल्याने हार्ड डिस्कच्या वाट्याला पुढचं अक्षर आलं, ‘सी’. फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण तोवर लाखो प्रोग्रामांच्या आत ‘सी’ हा पत्ता लिहिला गेला होता. त्यामुळे आजही ‘सी’ जागचा हललेला नाही.

डॉसची अक्षरं वाटण्याची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आजच्या रीतीच्या अगदी उलट होती. डॉस काहीच लक्षात ठेवत नसे. संगणक सुरू झाला की दर वेळी नव्याने मोजणी. आधी प्रत्येक हार्ड डिस्कवरचं मुख्य, म्हणजे प्रायमरी पार्टिशन. ते सगळे झाले की मग एक्स्टेंडेड, म्हणजे आत आणखी भाग पाडता येणाऱ्या पार्टिशनच्या आतले लॉजिकल ड्राइव्ह. सीडी ड्राइव्हचा नंबर सगळ्यांत शेवटी, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, नंतर लोड व्हायचा.

यातून होणारा गोंधळ एका उदाहरणात दिसतो. समजा एकच हार्ड डिस्क आहे, तिचे दोन भाग, प्रायमरी ‘सी’ आणि लॉजिकल ‘डी’, आणि सीडी ड्राइव्ह ‘ई’. ‘डी’वर तुम्ही प्रोग्राम टाकले आहेत. आता जागा कमी पडते म्हणून दुसरी हार्ड डिस्क बसवली, तिच्यावर एक प्रायमरी पार्टिशन केलं. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना डॉस आधी दोन्ही डिस्कची प्रायमरी पार्टिशनं मोजणार. म्हणजे नवी कोरी डिस्क ‘डी’ होऊन बसली, तुमचा जुना ‘डी’ सरकून ‘ई’ झाला आणि सीडी ड्राइव्ह ‘एफ’वर गेला. ‘डी’वरचा एकही प्रोग्राम आता सुरू होईना आणि सीडी मागणारे प्रोग्राम ‘ई’वर सीडी शोधत बसले. वर्गात मध्येच एक मूल दाखल व्हावं आणि आडनावांप्रमाणे सगळ्यांचे हजेरी क्रमांक पुन्हा पाडावेत, तसाच हा प्रकार. जाणकार मंडळी यावर उपाय म्हणून दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन करतच नसत, फक्त लॉजिकल ड्राइव्ह करत, म्हणजे तो जुन्या ‘डी’च्या मागे जाऊन बसे. विंडोज ९५ आणि ९८सुद्धा याच मोजणीवर चालायची.

आता विंडोज लक्षात ठेवतं

विंडोज २०००पासून हे काम माउंट मॅनेजर नावाच्या भागाकडे आलं आणि आजच्या विंडोज ११मध्येही तोच ते करतो. नवा व्हॉल्यूम दिसला की तो आपल्या नोंदी बघतो. ओळखीचा निघाला तर त्याचं ठरलेलं अक्षर त्याला देतो. अनोळखी असेल तर ‘सी’पासून पुढे बघत पहिलं मोकळं अक्षर देतो आणि ते लिहून ठेवतो. ‘ए’ आणि ‘बी’ तो हार्ड डिस्कला आपणहून देत नाही, पण फ्लॉपी ड्राइव्ह नसेल तर ही अक्षरं तुम्ही हाताने देऊ शकता.

मग ओळख पटते कशावरून? हे जवळून पाहायला हवं, कारण अक्षर कधी टिकतं आणि कधी हरवतं याचं उत्तर इथेच आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, एचकेईवाय लोकल मशीनच्या आत सिस्टम आणि त्याच्या आत माउंटेड डिव्हायसेस नावाची की, म्हणजे नोंदींचा कप्पा असतो. तिथे प्रत्येक अक्षरासमोर बाइट्सची एक ओळ दिसते. डिस्कवर पार्टिशनचा तक्ता मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क असेल तर ही ओळ फक्त १२ बाइटची असते. पहिले ४ बाइट म्हणजे डिस्क सिग्नेचर, डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये लिहिलेला ओळख क्रमांक. उरलेल्या ८ बाइटमध्ये तो भाग डिस्कवर नेमका कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा. १ एमबीपासून सुरू होणाऱ्या पार्टिशनसाठी तो आकडा १०,४८,५७६ असतो. फाइली किती आहेत, नाव काय, कंपनी कोणती, यातलं काहीही तिथे नाही. सिग्नेचर आणि सुरुवातीची जागा, एवढ्यावरच ओळख. म्हणूनच पार्टिशनची सुरुवात पुढेमागे सरकवली की विंडोजच्या लेखी तो नवा व्हॉल्यूम होतो आणि जुनं अक्षर सुटतं. शेवटाकडून आकार कमी-जास्त केला तर ओळखीला धक्का लागत नाही.

नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा १६ बाइटचा वेगळा ओळख क्रमांक असतो. रजिस्ट्रीतली नोंद तिथे २४ बाइटची होते: ८ बाइटची ठरावीक खूण आणि मागे हा क्रमांक.

पेनड्राइव्हची तऱ्हा निराळी. त्याच्या नोंदीत उपकरणाचं वर्णन असतं: बनवणारी कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर. ज्या पेनड्राइव्हला स्वतःचा सीरियल नंबर दिलेलाच नसतो त्याच्यासाठी विंडोज तो कोणत्या पोर्टमध्ये लावला आहे त्यावरून क्रमांक तयार करतं. परिणामी तोच पेनड्राइव्ह डावीकडच्या पोर्टमध्ये लावला तर एक अक्षर आणि उजवीकडच्या पोर्टमध्ये लावला तर दुसरं, असं होऊ शकतं. असा पेनड्राइव्ह रोज एकाच पोर्टमध्ये लावत जावा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. विंडोज लक्षात ठेवतं, तर मग कालचा ‘ई’ आज ‘एफ’ कसा? कारण एका अक्षरासमोर एकच नोंद राहू शकते. तुमची डिस्क काढलेली होती, ‘ई’ मोकळं होतं. मधल्या वेळात कोणी पेनड्राइव्ह लावला. तो अनोळखी, म्हणून त्याला पहिलं मोकळं अक्षर मिळालं, ‘ई’. ‘ई’समोरची तुमच्या डिस्कची नोंद पुसली गेली आणि तिथे पेनड्राइव्ह आला. नंतर तुमची डिस्क लावली तेव्हा तिच्या नावावर कोणतंच अक्षर उरलं नव्हतं आणि पेनड्राइव्ह अजून लावलेला होता, म्हणून तिला पुढचं मिळालं.

उपाय यातच आहे. बॅकअपच्या किंवा कायम वापरायच्या बाहेरच्या डिस्कला वर्णमालेतलं लांबचं अक्षर द्या. आर, एस, टी असं काहीही चालेल. सहज लावलेले पेनड्राइव्ह डी, ई, एफ इथेच थांबतात, तिथवर पोहोचतच नाहीत. मला विचाराल तर नवी बाहेरची डिस्क घेतल्यावर हे काम पहिल्याच दिवशी, तिच्यावर एकही बॅकअप घेण्याआधी करून टाकावं.

अक्षर बदलताना

त्यासाठी प्रशासकाचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबलं की उघडणाऱ्या यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ असतं. त्यात हव्या त्या व्हॉल्यूमवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडायचं, मग ‘चेंज’, मग यादीतून अक्षर, मग ओके. काही प्रोग्राम या अक्षरावर अवलंबून असतील, अशी सूचना येते. ती वाचून ‘यस’ म्हणायचं. त्या ड्राइव्हवरच्या फाइली आधी बंद केलेल्या असाव्यात. यात फॉरमॅट होत नाही, फाइली हलत नाहीत. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलते.

धोका आहे तो शेजारच्या पर्यायांचा. त्याच राइट क्लिकच्या यादीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ हेही असतात. घाई करू नका. क्लिक करण्याआधी व्हॉल्यूमचं नाव आणि आकार दोन्ही बघा.

यादीत फक्त मोकळी अक्षरं दिसतात. त्यामुळे डीव्हीडी ड्राइव्ह ‘डी’वर आणि दुसरी डिस्क ‘ई’वर असेल आणि त्यांची अदलाबदल करायची असेल, तर मध्ये एक तात्पुरतं अक्षर लागतं. डीव्हीडी आधी ‘डब्ल्यू’वर पाठवा. ‘डी’ मोकळा झाला, तो डिस्कला द्या. आता ‘ई’ मोकळा झाला, तो डीव्हीडीला.

कमांड टाइप करून काम करणाऱ्यांसाठी ‘डिस्कपार्ट’ आहे: ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने यादी बघायची, ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ लिहून पुढे यादीतला क्रमांक द्यायचा, मग ‘असाइन लेटर’ लिहून बरोबरचं चिन्ह आणि अक्षर. पण त्याच डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ नावाची कमांड आहे. ती निवडलेल्या डिस्कचा सगळा पार्टिशन तक्ता उडवते, तेही ‘नक्की करू का’ असं न विचारता. सवय नसेल तर डिस्क मॅनेजमेंटच बरं.

अक्षर बदललं तर अडतं काय? ज्यांनी पूर्ण पत्ता लिहून ठेवलेला असतो ते सगळे: त्या ड्राइव्हवर इन्स्टॉल केलेले प्रोग्राम, बॅकअपची वेळापत्रकं, फोटोंचे कॅटलॉग, दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या एक्सेलच्या लिंका. नुसते फोटो, गाणी, कागदपत्रं ठेवलेल्या ड्राइव्हला काही फरक पडत नाही. आणि काही अडलंच, तर जुनं अक्षर परत दिलं की सगळं पूर्ववत चालू लागतं.

‘सी’चं अक्षर मात्र विंडोज बदलू देत नाही. ज्या व्हॉल्यूमवर विंडोज स्वतः आहे त्याचा पत्ता रजिस्ट्रीत, सर्व्हिसेसमध्ये, शेकडो ठिकाणी कोरलेला असतो. चालू विंडोजच्या पायाखालची जागा अशी काढून घेता येत नाही. मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरतं ती पेजफाइल; ती असलेल्या व्हॉल्यूमचंही तसंच. पेजफाइल दुसरीकडे हलवून संगणक रीस्टार्ट केला की मग त्याचं अक्षर बदलता येतं.

जाता जाता एक सूचना, कारण यात माणसं खरोखर डेटा गमावतात. डिस्क लावल्यावर ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर ‘कॅन्सल’ करा. लिनक्सने वापरलेल्या पार्टिशनला विंडोजने अक्षर दिलं की हाच संदेश येतो, कारण विंडोजला ती फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, वाचता येत नाही. भाग व्यवस्थित असतो, न वाचता येणारं विंडोज असतं. तसंच एखाद्या अपडेटनंतर काही शे एमबीचा अनोळखी ड्राइव्ह दिसू लागला आणि ‘जागा संपली’ असं सांगू लागला, तर तो बहुधा रिकव्हरी पार्टिशन असतो. त्याचं फक्त अक्षर काढा, भाग पुसू नका.

अक्षरावर भरवसा ठेवू नये अशा जागा

दुरुस्तीच्या वेळी सगळ्यात जास्त सांभाळायचं असतं. विंडोज सुरूच होत नाही म्हणून आपण रिकव्हरीत जातो, कमांड प्रॉम्प्ट उघडतो आणि ‘सी’वर काहीतरी चालवतो. पण त्या वेळी चालू असलेलं विंडोज वेगळं असतं. ते मेमरीत उघडलेलं छोटं विंडोज आहे, त्याचा स्वतःचा ड्राइव्ह ‘एक्स’ असतो आणि त्याची स्वतःची वेगळी रजिस्ट्री असते. तुमच्या नेहमीच्या विंडोजने लिहून ठेवलेल्या नोंदी त्याच्याकडे नसतात. ते सगळ्या व्हॉल्यूमना नव्याने अक्षरं वाटतं. तुमचा ‘सी’ तिथे ‘डी’ असू शकतो आणि तिथला ‘सी’ म्हणजे कुठला तरी लहानसा राखीव भाग. अशा वेळी आधी डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्या, आकार आणि लेबल बघून आपला भाग ओळखा आणि मगच पुढची कमांड द्या.

इथे लेबल कामाला येतं. लेबल म्हणजे आपण व्हॉल्यूमला दिलेलं नाव, आणि ते फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे खरोखर त्या डिस्कवर लिहिलेलं असतं. ते डिस्कबरोबर प्रत्येक संगणकावर जातं, रिकव्हरीतही दिसतं. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये ते ३२ अक्षरांपर्यंत चालतं, फॅट३२ आणि एक्सफॅट या दुसऱ्या दोन फाइल सिस्टीममध्ये ११. सगळ्या डिस्कचं नाव ‘न्यू व्हॉल्यूम’ ठेवू नका.

एकाच संगणकावर दोन विंडोज असतील तरी हेच दिसतं. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून टाकलेलं विंडोज स्वतःच्या व्हॉल्यूमला ‘सी’ म्हणतं. पहिलं सुरू केलं की ते ‘सी’ आणि दुसरं ‘डी’ वगैरे. दुसरं सुरू केलं की ते ‘सी’ आणि पहिलं ‘डी’. दोन्हींच्या आपापल्या नोंदी आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

डिस्क क्लोन करताना सिग्नेचरचा प्रश्न येतो. एमबीआर डिस्कची हुबेहूब प्रत काढली की सिग्नेचरचीही प्रत होते. दोन्ही डिस्क एकदम जोडल्या तर विंडोजला दोन वेगळ्या डिस्कवर एकच ओळख क्रमांक सापडतो आणि ते एकीला ऑफलाइन ठेवतं. हाताने ऑनलाइन केली की तिच्यावर नवी सिग्नेचर लिहिली जाते, आणि मग त्या प्रतीवरून विंडोज सुरू करताना अडचण येऊ शकते. म्हणून क्लोन झाल्यावर संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा एकट्या नव्या डिस्कवर सुरू करून बघा.

नेटवर्कवरच्या फोल्डरलाही अक्षर देता येतं. ते देताना विंडोज ‘झेड’पासून उलट्या क्रमाने सुचवतं, म्हणजे खालून वर येणाऱ्या डिस्कशी टक्कर होऊ नये. डिस्कची अक्षरं अख्ख्या संगणकासाठी असतात, नेटवर्कची मात्र त्या त्या लॉगिनपुरती. म्हणूनच ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेल्या प्रोग्रामला तुमचा ‘झेड’ ड्राइव्ह बहुधा दिसतच नाही. तो वाढीव अधिकारांच्या वेगळ्या सत्रात चालतो आणि त्या सत्रात तो ‘झेड’ जोडलेला नसतो. तिथे दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यावा.

अक्षरं २६च आहेत, पण व्हॉल्यूमला अक्षर लागतंच असं नाही. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्येच ‘ॲड’ दाबून एनटीएफएस व्हॉल्यूमवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला दुसरी डिस्क जोडता येते. ‘सी’वर ‘फोटो’ नावाचं रिकामं फोल्डर करा, तिथे नवी डिस्क जोडा. फोल्डर उघडलं की आत थेट ती डिस्क. लिनक्स आणि मॅकओएस पहिल्यापासून असंच करतात. तिथे अक्षरं नाहीतच, प्रत्येक डिस्क एकाच मोठ्या फोल्डर-रचनेत कुठेतरी जोडली जाते. विंडोजमध्ये ही सोय वापरताना एक भान ठेवा: त्या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसल्या तर त्या दुसऱ्या डिस्कवरून खरोखर पुसल्या जातात. जोडणी काढायची असेल तर फोल्डर डिलीट करू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याच खिडकीत ‘रिमूव्ह’ करा.